स्टूल म्हणजे पाठ नसलेली खुर्ची नव्हे

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा डोकं टेकवून नमस्कार. (खरंच टेकवलं आहे. टेबलावर.)

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल असालच, कारण तसं नसतं तर तू आतापर्यंत फोन करून ते आमच्यामुळेच कसं झालं हे सांगितलं असतंस. दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, वाफारा घ्या आणि बायकोसमोर कमी बोला, दोन्हींनी घशाला आराम पडतो. तुझे गुडघे काय म्हणतात? गुडघ्यांची चौकशी मी मुद्दाम वेगळी करतो आहे, कारण पुढच्या मजकुराशी त्यांचा थोडा संबंध आहे. पण ते यथावकाश.

तू म्हणशील, फोन असताना धाकटा पत्र का लिहितोय? त्याचं असं आहे की फोनवर तू मधे बोलतेस. पत्रात मधे बोलता येत नाही. (लाल पेनाने चुका काढून पत्र परत पाठवता येतं, ते तू मागच्या वेळी केलंस. दहापैकी चार ही काही भावाला द्यायची पद्धत नव्हे.) शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी रस्त्यातले मोठमोठे बाप्ये अजून तुला बघून शर्टाची बटणं लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा हेडबाईंना विनंती, की पत्र शेवटपर्यंत वाचावं, आणि शक्यतो खाली बसून वाचावं.

मी कारखान्यातून निवृत्त झालो त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. एकेचाळीस वर्षं लाकूडकाम केलेल्या माणसाला घरी बसवलं की तो दिसेल त्या वस्तूकडे रंधा मारायच्या नजरेने बघतो. मी जेवणाच्या टेबलाचे पाय सारखे केले. ते आधी सारखेच होते हे नंतर लक्षात आलं, म्हणून पुन्हा सारखे केले. मग एक आखूड वाटला, म्हणून उरलेले तीन. आता त्या टेबलावर आम्ही जेवतो ते ओंडक्याभोवती बसल्यासारखं, पण डुगडुगत नाही, हे मान्य करावंच लागेल. मी कपाटाकडे वळलो तेव्हा सूनबाईने आपला जुना लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हा ज्ञानकोश. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर यात लेख आहे, आणि कुणीही यात लिहू शकतं. हवं तेवढं कापा, तासा, जोडा. इथलं लाकूड संपत नाही." मोठी हुशार मुलगी. कपाट वाचलं.

सगळ्यात आधी मी काय शोधलं असेल? 'स्टूल.' लेख दोन ओळींचा होता. मला तो पाठच झालाय, सांगतो: 'स्टूल म्हणजे पाठ नसलेली खुर्ची. ते बसण्यासाठी वापरतात.' संपलं! ताई, मी जागेवरून उठलो आणि पुन्हा बसलो आणि पुन्हा उठलो. पाठ नसलेली खुर्ची! मग बशी म्हणजे कड नसलेली वाटी का? मग दाजी म्हणजे केस नसलेला... (जाऊ दे. त्यांना नमस्कार सांग.)

तुला हे हसण्यासारखं वाटेल, पण जरा ऐक. आमच्या कारखान्यात खुर्चीवाले खिडकीच्या बाजूला बसत आणि आम्ही स्टूलवाले मागे, भुशाच्या ढिगाजवळ. खुर्चीवाल्यांना साहेब नावाने हाक मारत. मला एकेचाळीस वर्षं 'ए स्टूल' म्हणत. निरोपाच्या दिवशी माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले, हार घातला, आणि भेट दिली ती खुर्ची! पण प्रयोगशाळेत, शिंप्याकडे, दाताच्या डॉक्टरकडे, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे, जिथे म्हणून माणसाला ताठ बसून बारीक काम करायचं असतं, तिथे स्टूल असतं. खुर्ची ही लबाड वस्तू आहे. पाय चुकले तरी पाठीवर रेलून ती वेळ मारून नेते. स्टुलाला रेलायला पाठच नाही. एका सुताची चूक झाली तरी ते चारचौघांत डुगडुगतं. असल्या वस्तूला कोणी अर्धवट खुर्ची म्हणालं, तर माझ्या आयुष्यातली एकेचाळीस वर्षं अर्धवट झाली की नाही?

म्हणून मी एका बैठकीत नऊशे शब्द लिहिले. पायांचा कल, बैठकीची जाडी, आडव्या पट्टीची उंची, तीन पाय बरे की चार (तीन, खडबडीत जमिनीवर, पण हा वेगळा विषय आहे), आणि शेवटी आमच्या जुन्या फोरमनच्या स्वभावावर एक परिच्छेद. 'जतन करा' हे बटण दाबलं आणि चहा घेऊन आलो. येऊन बघतो तर लेख पुन्हा दोन ओळींचा! नऊशे शब्द संध्याकाळी भुसा झाडावा तसे झाडून टाकलेले, आणि खाली शेरा: 'संदर्भ नाहीत. — काटेकोर.'

इथे लोक खऱ्या नावाने वावरत नाहीत, टोपणनावं घेतात. मी 'ए_स्टूल' घेतलं होतं. (सवयीचं होतं. दुसरं काही घेतलं असतं तर कुणी हाक मारल्यावर मी वळून पाहिलं नसतं.) हा काटेकोर म्हणजे नक्की एखादा झुपकेदार मिशांचा निवृत्त ठाणेदार असणार, असं मी धरून चाललो. मी नऊशे शब्द पुन्हा टाकले. त्याने पुन्हा काढले. मी तिसऱ्यांदा टाकले, फोरमनचा परिच्छेद वाढवून. त्यावर वरून कुणीतरी मला चोवीस तासांची लेखनबंदी केली. ताई, एकसष्टाव्या वर्षी मला वर्गाबाहेर उभं केलं!

बंदी उठल्यावर कळलं की प्रत्येक लेखामागे एक चर्चेचं पान असतं. भांडायचं ते तिथे भांडायचं, लेखात नाही. घरातही अशी एक खोली हवी. मी तिथे जाऊन लिहिलं, 'महाशय, मला स्टूल बनवण्याचा एकेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.' उत्तर आलं, 'अनुभव छापलेला आहे का?' मी लिहिलं, 'अनुभव छापत नाहीत, घेतात.' उत्तर आलं, 'मग इथे चालत नाही. पुस्तकात असेल तर चालेल.' मी चिडून तीन परिच्छेद लिहिले. तेवढ्यात 'वेलांटी' नावाचे एक सदस्य तिथे अवतरले. मला वाटलं कुमक आली. त्यांनी माझ्या तिन्ही परिच्छेदांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चौदा चुका दुरुस्त केल्या आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. माझा राग शुद्ध झाला, पण एकटाच राहिला.

आणि मग आला तिसरा. नाव 'उंटावरचा_शहाणा.' (स्वतःच स्वतःला असं नाव घेणाऱ्या माणसापासून सावध राहावं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.) त्याने शांतपणे नोंद केली: 'दोन ओळींचा वेगळा लेख कशाला? स्टूल हा लेख खुर्ची या लेखात विलीन करावा. हरकत असल्यास छापील संदर्भासह सात दिवसांत नोंदवावी.' विलीन! म्हणजे 'खुर्ची' या लांबलचक लेखाच्या तळाशी, 'इतर प्रकार' या मथळ्याखाली, आरामखुर्ची आणि घडीची खुर्ची यांच्याही खाली, शेवटची ओळ. पुन्हा भुशाच्या ढिगाजवळ.

त्या दिवशी मी भरलं ताट सारून उठलो. तुझी भावजय म्हणाली, "एका स्टुलासाठी?" मी म्हटलं, "एका नव्हे, जगातल्या सगळ्या." ती म्हणाली, "मग थोडा भात तरी खा, जग मोठं आहे." तिला या गोष्टींचं गांभीर्य नाही. (तिच्याबद्दल पुढे आणखी लिहायचं आहे.)

दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात ठाण मांडलं. स्वयंपाकावर एकशे बारा पुस्तकं, योगासनांवर चाळीस, राजेरजवाड्यांवर भिंतभर, आणि राजे ज्यावर बसत त्या सिंहासनावर तीन. स्टुलावर एकही नाही. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हताश होऊन ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी उभा होतो, आणि सवयीने हात टेबलाच्या कडेवर गेला. टेबल डुगडुगलं नाही. पण त्याचा एक पाय आखूड आहे हे माझ्या तळव्याला कळत होतं. वाकून बघतो तर त्या पायाखाली एक पातळसं पुस्तक. मी जमिनीवर आडवा झालो आणि पुस्तकाच्या उघड्या कडेवरून वाचलं, '...सुतारकाम, आसने व...' ताई, मी ओरडलोच.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ते मिळणार नाही. ते वाचकांसाठी नाही, टेबलासाठी आहे."

"किती वर्षं आहे तिथे?"

"मी आले तेव्हापासून. ते काढलं की माझा चहा सांडतो."

मी खिशातून लाकडाची पाचर काढली. (मी खिशात दोन-तीन पाचरी बाळगतो. लोक रुमाल बाळगतात, त्याला कोणी काही म्हणत नाही.) पायाखाली ठोकली, पुस्तक ओढून काढलं, त्यांचा पेला टेबलावर काठोकाठ भरून ठेवला आणि टेबलावर बुक्की मारली. थेंब हलला नाही. बाईंनी पुस्तकाची नोंद माझ्या नावावर केली. पुस्तकात स्टुलावर चक्क एक प्रकरण होतं! मी घरापर्यंत चालत नाही, जवळजवळ पळत आलो आणि चर्चेच्या पानावर त्या प्रकरणातला मजकूर सांगून जाहीर केलं की संदर्भ सापडला आहे.

काटेकोरने विचारलं, 'पुस्तकाचं नाव?' मी लिहिलं, 'वरचं पान फाटलं आहे.' 'लेखक?' 'वाळवीने खाल्ला.' 'प्रकाशनाचं वर्ष?' 'त्यावर टेबल होतं.' मग आलं, 'काका (किंवा काकू), मला खरंच वाईट वाटतं. पण असं नाही घेता येणार.' ठाणेदार इतक्या मऊ आवाजात लिहील असं मला वाटलं नव्हतं. ते वाचून मला जास्तच रडू आल्यासारखं झालं. मुदतीचे दोन दिवस उरले होते. मी लॅपटॉप मिटून सूनबाईच्या स्वाधीन केला आणि कपाटाकडे बघत बसलो.

सातव्या दिवशी दुपारी सूनबाई धावत आली. "बाबा, बघा तरी!" चर्चेच्या पानावर दोन फोटो होते. एक, त्याच पुस्तकाच्या धडधाकट प्रतीच्या पहिल्या पानाचा: नाव, लेखक, वर्ष सगळं जागच्या जागी. आणि दुसरा, आतल्या पानाचा, ज्यावर लिहिलं होतं की स्टूल हे खुर्चीचं अपुरं रूप नसून स्वतंत्र घडणीचं आसन आहे. आणि हे कोणी टाकलं होतं? उंटावरच्या शहाण्याने! माझ्या वर्णनावरून त्याने पुस्तक ओळखण्याचा प्रयत्न केला, सुट्टी टाकली, दोन बस बदलून एका जुन्या तंत्रशाळेत गेला, तिथल्या माळ्यावर चढला आणि प्रत शोधून काढली. खाली लिहिलं होतं: 'माझा प्रस्ताव चुकीचा होता. मागे घेतो.'

ताई, त्याला काय पडलं होतं गं? डाव तोच जिंकत होता. गप्प बसला असता तर संध्याकाळी स्टूल खुर्चीत बुडालं असतं. कारखान्यात मी एकेचाळीस वर्षांत कुणाला 'माझं माप चुकलं' असं आपणहून म्हणताना ऐकलं नाही. मीही म्हटलेलं नाही. (आपलं जेवणाचं टेबल साक्षीला आहे.)

पुढच्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही सगळे पहिल्यांदा समोरासमोर भेटलो. मी मिशांचा ठाणेदार शोधत होतो, तर चिमणीएवढी एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "काका, मी काटेकोर." औषधांच्या दुकानात कामाला आहे. मी म्हटलं, "अगं, तू माझे नऊशे शब्द चार मिनिटांत उडवलेस!" ती लाजून म्हणाली, "काका, आमच्या दुकानात गोळीच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर माणूस आडवा होतो. सवयच लागली. पण तुमचे शब्द उडवले नाहीत हो, जपून ठेवलेत. संदर्भ मिळेल तसं एकेक वाक्य परत लावू या." उंटावरचा शहाणा हा बंदरावर क्रेन चालवतो. आठ तास एकटा उंचावर बसलेला असतो, म्हणून ते नाव. आणि त्याच्या केबिनमध्ये बसायला काय आहे माहीत आहे? "खुर्चीच आहे काका," तो म्हणाला, "आणि पाठ तुटलीय तिची. म्हणून मला वाटलं की स्टूल म्हणजे तेच." बिचाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. वेलांटी हे दुकानांच्या पाट्या रंगवणारे गृहस्थ निघाले. आयुष्यात एकच चूक केली म्हणाले, पण ती तीन मजली इमारतीवर आहे आणि खाली बसस्टॉप आहे, म्हणून आता जगाच्या चुका सुधारत प्रायश्चित्त घेतात.

तेव्हापासून आम्ही चौघं मिळून लेख बांधतो आहोत. मी सांगतो, शहाणा शोधतो, काटेकोर तपासते, वेलांटी पुसून घेतात. नऊशेपैकी सहाशे चाळीस शब्द परत बसले. (फोरमनला मात्र संदर्भ मिळाला नाही. त्याच्याबद्दल कुणी छापील चांगलं लिहिलेलं नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.) लेख इतका उत्तम झाला आहे की पुढच्या महिन्यात तो ज्ञानकोशाच्या पहिल्या पानावर झळकायचा आहे. स्टूल! पहिल्या पानावर! फक्त एक उणीव होती. काटेकोर म्हणाली, "काका, चित्र हवं. नुसतं स्टूल नको, वापरातलं हवं. त्यावर माणूस असेल तर उंचीचा अंदाज येतो."

आता तुझ्या गुडघ्यांकडे येतो.

मागच्या महिन्यात तू चार दिवस आली होतीस, तेव्हा बैठकीच्या खोलीतला बल्ब गेला होता, आठवतं? मी म्हटलं मी चढतो. तू म्हणालीस, "तू चढलास तर बल्बाच्या आधी भाषण लागेल," आणि बाह्या सारून माझ्या हातच्या स्टुलावर चढलीस. मी खालून तुला त्या स्टुलाच्या पायांचा कल समजावून सांगत होतो, आणि त्याच वेळी फोनवर एक फोटो निघाला. (निघाला, एवढंच सध्या म्हणतो.) ताई, काय फोटो आहे! स्टुलाचे चारही पाय स्पष्ट, आडव्या पट्ट्या स्पष्ट, सांधे स्पष्ट. वर तू. एक हात आभाळाकडे, त्यात बल्ब, आणि मान खाली वळवून तू जी काही बघते आहेस, ते बघणं मी तुझ्या शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा पाहिलेलं नाही. माझ्या बोलण्याचा तुला इतका राग आला असेल याची मला कल्पना नव्हती. त्याबद्दल इथेच माफी मागून टाकतो.

तो फोटो मी लेखात लावला.

थांब, पत्र फाडू नकोस. तुझ्या मानमर्यादेसाठी मी तिथे किती झुंजलो ते ऐक. फोटोखाली पहिली ओळ कुणीतरी लिहिली होती, 'स्टुलावर उभी असलेली वृद्धा.' मी तत्काळ ते खोडून 'मध्यमवयीन महिला' केलं. काटेकोरने विचारलं, 'मध्यमवयीनला संदर्भ?' मी लिहिलं, 'मी सख्खा भाऊ आहे.' ती म्हणाली, 'तुम्ही एकसष्ट आणि त्या तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, असं तुम्हीच परवा सांगितलंत.' दोन दिवस चर्चा चालली. मग मतं घेतली. नऊ विरुद्ध एक असा मी हरलो. पण हरता हरता 'वृद्धा'चं 'ज्येष्ठ महिला' करून घेतलं, आणि वेलांटींनी 'ज्येष्ठ'मधला ठ नीट आहे याची जातीने खात्री केली. तेव्हा भाऊ कमी पडला असं म्हणू नकोस.

फोटो चांगला असला की तो एका जागी राहत नाही, हे मला माहीत नव्हतं. इतर भाषांतल्या ज्ञानकोशवाल्यांनीही तो उचलला. आजमितीस तू अकरा भाषांत स्टुलावर उभी आहेस. त्यातली एक भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, तिथे तू पानाच्या दुसऱ्या बाजूला आहेस, पण बघते आहेस आमच्याकडेच.

असो. दाजींना नमस्कार, लहानथोरांना यथायोग्य. गुडघ्यांना जप, उगाच कशावर चढू नकोस. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही राहू द्यावा ही विनंती.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर 'माझा फोटो वापरण्यास माझी हरकत नाही' एवढंच छापलेलं आहे. खाली सही कर. घरात काढलेला फोटो म्हणून त्यातल्या माणसाची लेखी संमती लागते, असं काटेकोर म्हणते. महिनाअखेरपर्यंत आली नाही तर फोटो जाईल, फोटो गेला तर पहिलं पान जाईल, आणि स्टूल पुन्हा भुशात. सही लाल पेनाने केलीस तरी चालेल.

दुसरा ता. क. वर 'फोटो निघाला' असं म्हटलं आहे, त्याबद्दल. मी तो 'स्वतः काढलेला' म्हणून चढवला होता. परवा काटेकोरने चित्र मोठं करून बघितलं आणि विचारलं, 'काका, खाली स्टुलाचे पाय घट्ट धरलेले दोन हात आहेत, ते कोणाचे?' मी अभिमानाने लिहिलं, 'माझे!' त्यावर तिने विचारलं, 'मग फोन कोणी धरला होता?' ताई, त्या मुलीचं औषधांच्या दुकानात काम आहे, तिने खरं तर पोलिसात जायला हवं. तेव्हा फोटो तुझ्या भावजयीने काढला हे मी आता सर्वांसमक्ष कबूल केलं आहे, आणि 'माझं माप चुकलं' असंही लिहिलं आहे. पण आता तिचीही संमती लागते, आणि ती म्हणते, "वन्संनी सही केली तर मी करीन." तिला माहीत आहे तू करणार नाहीस. म्हणून तू कर.

तिसरा ता. क. तू कुणाकडून तरी ऐकशीलच, म्हणून मीच सांगतो. अकरापैकी सहा भाषांत तू 'स्टूल'मध्ये आहेस. उरलेल्या पाचांत तो फोटो 'राग' या लेखात आहे. पहिलंच चित्र. मी काहीही केलेलं नाही, ते त्यांनी आपणहून केलं. एका भाषेत 'हुकूमशाही'साठीही नाव पुढे आलं होतं, पण ते मी चर्चेत हाणून पाडलं.

*

वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. फोटो मी काढला, तेव्हा खरं काय ते मला माहीत. तुम्हाला राग बिग काही आला नव्हता. बल्बावरची धूळ नाकात गेली होती आणि शिंक येत होती. पुढच्या क्षणाला तुम्ही शिंकलात, बल्ब सोफ्यावर पडला, आणि हे तोवर दुसऱ्या पायाच्या कलापर्यंत पोचले होते, त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ह्यांना वाटतं की त्यांच्या बोलण्याचा तुम्हाला संताप आला. तुम्ही ऐकतच नव्हतात, हे मी अजून सांगितलेलं नाही.

पाच भाषांतले लोक तुमची शिंक बघून राग म्हणजे काय ते शिकतायत, हे मला बरं दिसेना. म्हणून सूनबाईच्या मदतीने मीच काल काटेकोरला कळवलं. गुणी पोर आहे, लगेच उत्तर दिलं. 'शिंक' या लेखाला त्यांच्याकडे चित्रच नाही, तिथे पहिला मान तुम्हाला देते म्हणाली, पण संदर्भ हवा. तेव्हा ह्यांच्या कागदावर सही करा किंवा करू नका, तो तुम्हा बहीणभावांचा प्रश्न. मला मात्र एका वेगळ्या कागदावर एवढंच लिहून पाठवा: 'मला राग आला नव्हता, शिंक येत होती.' खाली सही आणि तारीख. आणि खरोखरच रागच आला असेल, तर तसं लिहा. मग ह्यांना मी ते दाखवीन, आणि तुम्ही पुन्हा येईपर्यंत घरात स्टुलाबद्दल कोणी बोलणार नाही.